भरतीचं वेळापत्रक

येडशीच्या रामलिंगाला मी वाट दाखवतो.
वनखात्याचा बिल्ला छातीवर, हातात बोरीची काठी.
तीनशे रुपये, चार तास, पाणी ज्याचं त्यानं आणायचं.
फाल्गुनात कोण येतं म्हणा.
पण ती आली,
स्टेशनावरल्या गँगमनची बहीण, अलबिना केरकेट्टा,
थेट अंदमानातून. सात समुद्र नाहीत मधे,
एकच आहे, पण पुरतो.

म्हणाली, दगडूभैया, मीपण हेच करते.
तिकडं, पावसाच्या रानात.
माणसं झाडांखालून किनाऱ्यापर्यंत नेते
आणि मोजून परत आणते.

मग मला नीट चालताच येईना.
दहा वर्षांत पाठीमागं कुणी असं चाललं नव्हतं,
माझं पाऊल उचललं की तिचं तिथंच.

सागाची पानं पापडासारखी मोडत होती.
ती थांबून हसली. आमच्याकडं पान वाजत नाही,
पडलं की भिजतं, भिजलं की माती.
माणूस चुकला तर ऐकू येत नाही.
इथं तर कोल्हासुद्धा सांगून जात असेल.

मी धावडा दाखवला,
सालईच्या खोडाला नख लावून वास दिला.
तिनं दोन्ही हात पसरून तिकडची मुळं दाखवली,
जमिनीवर भिंतीसारखी उभी,
त्यांच्या आडोशाला सहा माणसं भर पावसात डबा खातात.
मी पळसाकडं बघितलं. पान नाही, नुसता पेटलेला.
त्याच्या आडोशाला त्याची सावलीसुद्धा मावत नाही.

जळवा? इथं गोचीड.
मगर? इथं तरस, तोही लाजरा.
मग धंद्याचं बोलणं निघालं,
कोण पुढं पळतं, कुणाचे बूट नवे,
फोटोसाठी कड्याला कोण जातं,
आणि रांगेतला शेवटचा माणूस
कसा आपला पाहिजे.

एक नियम तिनं हळू सांगितला.
समुद्र रोज मागं सरतो, तेवढ्यात किनाऱ्यानं चालून घ्यायचं.
पण फारच मागं गेला, मासे उघडे पडले,
तर बघत थांबायचं नाही. वर पळायचं.
पुढं बोलली नाही. मी विचारलं नाही.
आमच्याकडं पाणी मागं गेलं की परत येत नाही,
एवढंच म्हणालो.

देवळाशी उतरलो. माकडांनी तिची पिशवी हुंगली.
मी नेहमीची गोष्ट लावली :
रावणाचं विमान इथूनच गेलं, बेटाकडं.
इथं जटायू आडवा आला, इथं त्याचा पंख पडला,
रामानं बाण मारून पाणी काढलं, ते हे.
ती ओंजळभर प्याली, तोंड पुसलं.
म्हणजे तोही गाईडच.
कोण?
तो पक्षी. दिशा सांगितली आणि इथंच राहिला.

दहा वर्षं मी जखम दाखवत होतो,
झरा दाखवत होतो.
हे कधी सुचलं नाही.
मी काठीनं दक्षिण दाखवली.
तिनं काठी धरून बरीच डावीकडं सरकवली,
माझं बेट इकडं.

जाताना पैशावरून ओढाताण झाली.
मी घेईना, ती ऐकेना, शेवटी दीडशे,
आणि वर एक चुरगळलेली पुस्तिका,
भरती-ओहोटीचं वेळापत्रक.
मागल्या सालचं आहे, म्हणाली, बिनकामाचं.
इथं कुठल्याही सालचं बिनकामाचंच, मी म्हणालो,
आणि खिशात ठेवलं.

परवा ढोकीच्या शाळेची पोरं आणली होती.
दोन वाजून दहा. पाणी संपत आलेलं.
का कोण जाणे, पुस्तिका काढली, बोट फिरवलं,
म्हटलं, चला माघारी, भरती येती.
पोरं खिदळली.
एक बारकं मात्र, चपलेचा अंगठा तुटलेलं,
खरंच घाटाखाली वाकून बघायला लागलं.

त्याला मी रांगेत शेवटचा ठेवला.